लेट हार्वेस्ट वाईन संत्रा बर्फीबरोबर चालेल का? (बाबांच्या एकसष्टीचा बेत)

त्रिमूर्तीनगरवाला

नमस्कार मंडळी. डिसेंबरात बाबांची एकसष्टी आहे. शांत, होम, जेवणावळ सगळं रविवारी. त्या दिवशी घरात बाटली दिसली तर आई मलाच होमात टाकेल, म्हणून आदल्या संध्याकाळी गच्चीवर वेगळी बैठक ठेवली आहे. बाबांचे ऑफिसातले जुने मित्र आणि आम्ही घरचे, बाराएक जण.

बाबा आणि त्यांची मंडळी व्हिस्कीवाली. पण माझा नाशिकचा मित्र मागच्या खेपेला येताना सुला या तिथल्या वाईन कंपनीच्या लेट हार्वेस्ट शेनिन ब्लांच्या दोन छोट्या बाटल्या (375 मिली) देऊन गेला. "जेवणानंतर गोडाबरोबर दे" एवढंच म्हणाला. मी लेबल वाचलं, पण त्यातून काही बोध झाला नाही. वाईनमधलं माझं ज्ञान लाल आणि पांढरी इथवरच आहे.

बेत असा आहे: सुरुवातीला सांबारवडी (मामी करणार, त्यामुळे काळजी नाही), कोरडी पाटोडी, खारे काजू. जेवायला सावजी मटण आणि भाकरी, न खाणाऱ्यांसाठी वडाभात. शेवटी पुरणपोळी आणि संत्रा बर्फी. आता ही वाईन बर्फीबरोबर द्यायची की पुरणपोळीबरोबर? बर्फ घालायचा का? बारा जणांना दोन छोट्या बाटल्या पुरतील का? आणि बाबांच्या एका मित्राला शुगर आहे, त्यांना विचारावं की विचारूच नये?

बर्डीचा भाऊ

काऊन टेन्शन घेऊन राहिले जी? बर्फी गोड, वाईन गोड, नागपूरचा माणूस त्याहून गोड. सगळं एका ताटात वाढा. उरली तर सावजीच्या रश्शात टाका, कोणाच्या बापाले समजत नाही.

निफाडची लेक

भाऊ, रश्शात टाकायची असेल तर बाटली माझ्याकडे पाठवा, मी रश्शासाठी दुसरं काहीतरी देते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. लग्नाआधी एका वायनरीच्या सेलरमध्ये कामाला होते. आता सासर मनीषनगरला. दोन्हीकडचं खाल्लं-प्यायलं आहे, म्हणून जरा लांबण लावते.

बर्फीबरोबर देऊ नका. पुरणपोळीबरोबर तर नकोच नको. पेढा खाऊन लगेच चहा प्या, आपलाच चहा फिका आणि तुरट लागतो. इथे तेच होतं. ताटातलं गोड वाईनपेक्षा जास्त गोड असलं की जिभेला वाईनमधली साखर कळेनाशी होते, आणि मागे उरतो नुसता आंबटपणा आणि थोडी दारू. तुमचे काका एक घोट घेतील, "बरी आहे" म्हणतील आणि व्हिस्कीकडे वळतील. त्यात त्यांचा दोष नाही. "गोडाबरोबर द्या" हा सल्ला ज्या देशांतून आला तिथलं गोड म्हणजे नासपतीचा टार्ट नाहीतर फळांची थाळी. आपली मिठाई त्या हिशेबात बसतच नाही.

आता आकडे बघा. अशा वाईनमध्ये लिटरला साधारण 80 ते 100 ग्रॅम साखर असते. कोल्ड्रिंकमध्येही जवळपास तेवढीच, थोडी जास्तच. आपल्या पिकलेल्या संत्र्याचा रस 10 ब्रिक्सच्या आसपास भरतो, म्हणजे 100 ग्रॅम रसात 10 ग्रॅमच्या आसपास गोडी. संत्रं आणि ही वाईन गोडीला एका पायरीवर आहेत, आणि दोघांत आंबट आहे. बर्फी कितीतरी पायऱ्या वर आहे, हे घरी वडी थापलेल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून संत्रं ठेवायचंच असेल तर फळ ठेवा. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री बाजारात असतातच. फोडी सोला, वरच्या पांढऱ्या शिरा काढा (त्या कडू, आणि या वाईनबरोबर जास्तच कडू लागतात), मधून चीर देऊन बिया काढा आणि वरून चिमूटभर मीठ. साखर, चाट मसाला काही नको.

खरी मजा मात्र तुमच्या मामींच्या सांबारवडीत आहे. तळलेलं बेसन, आत कोथिंबीर, सुकं खोबरं, खसखस, थोडं तिखट, थोडं आंबट. गोड वाईनला मीठ आणि तेल मिळालं की ती खुलते. वाईनमधला आंबटपणा वडीचं तेल कापून काढतो, आणि वाईनमधली साखर वडीतलं तिखट बसवते. सोबतची कढी किंवा तर्री मात्र तेवढ्यापुरती बाजूला ठेवा, नुसती कोरडी वडी. खारे काजूही उत्तम. कोरडी पाटोडीही चालेल. म्हणजे माझ्या मते तुम्ही बाटली शेवटी न काढता सगळ्यात आधी काढावी. फ्रान्समध्ये सोतर्न ही तिथली गोड वाईन जेवणाच्या सुरुवातीला, फ्वा ग्राबरोबर म्हणजे बदकाच्या नाहीतर हंसाच्या चरबीदार काळजाबरोबर घेतातच. त्यामुळे कुणी नाक मुरडलं तर हे सांगा.

सावजीच्या वाट्याला जाऊ नका. साधारण तिखटाला गोड वाईन आवरते, पण सावजीचा काळा मसाला आणि वरचा तेलाचा तवंग यांच्यापुढे तिचा वास उभा राहत नाही. दारूने तिखट आणखी चढतं ते वेगळंच. तिथे थंड ताक.

आता ही वाईन गोड का, ते सांगते, कारण बारा जणांत एक तरी विचारणार. द्राक्षबागेत छाटण्या दोन. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. फळ गोडी छाटणीवर धरतो, म्हणून युरोपात तोड आपला पावसाळा संपताना होते आणि नाशिकला जानेवारी ते मार्च. या वाईनचं द्राक्ष शेनिन. साध्या वाईनसाठी ते 21-22 ब्रिक्सला तोडतात. लेट हार्वेस्टसाठी, म्हणजे उशिराच्या तोडीसाठी, काही ओळी मुद्दाम मागे ठेवायच्या. फेब्रुवारी सरत आला की दिवसा ऊन चढतं, रात्री अजून गार असतात. मण्यातलं पाणी उडत जातं, साल सैल पडते, सोनेरी मणी तपकिरीकडे झुकून बेदाण्याच्या वाटेला लागतो. रोज सकाळी चार ठिकाणचे मणी चुरडून रिफ्रॅक्टोमीटरच्या (ब्रिक्स मोजायच्या दुर्बिणीच्या) काचेवर थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरायचा. आकडा 26, 28, 30 असा सरकत जातो. बोटं एकमेकांना चिकटतात, हात धुतल्याशिवाय वहीचं पान उलटत नाही. गांधीलमाश्या घडांवर बसलेल्या, पाखरांसाठी जाळी लावलेली, आणि तेवढ्यात अवकाळीचे ढग आले की सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. साखर वाढते ती वजन घटून. किलोवर पैसे घेणाऱ्या शेतकऱ्याला हे परवडत नाही, म्हणून अशा ओळींचा भाव आधीच वेगळा ठरवावा लागतो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर टेबल (खायची) द्राक्षं केली. ते ही सुरकुतलेली ओळ बघून म्हणायचे, "हे पीक आहे की नुकसान?"

प्रेसमधून रस धार धरून येत नाही, ओघळतो. मग यीस्टचं काम. लिटरला साधारण 17 ग्रॅम साखर खाल्ली की एक टक्का दारू तयार होते. 28 ब्रिक्सच्या रसात लिटरला 290-300 ग्रॅमच्या आसपास साखर. दारू 12 टक्क्यांवर येईपर्यंत 200 ग्रॅमच्या वर संपते, 90 उरते. तिथे टाकी थंड करून यीस्टला झोपवायचं, सल्फर द्यायचं आणि बारीक गाळून घ्यायचं, नाहीतर बाटलीत पुन्हा फसफसायला लागते. ही वेळ नेमकी धरणं हेच सेलरमधलं कसब. एक रात्र उशीर झाला तर गोडी गेली.

शेनिनच का? पिकली तरी तिचा आंबटपणा पूर्ण मोडत नाही. तिच्या मूळ गावी, फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातही तिच्या गोड वाईन करतात. दुसरं एखादं जरा ढिलं द्राक्ष इतकं पिकवलं तर पाक होतो.

वाढण्याचं. बर्फ घालू नका, पाणी होईल. फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवा, वाढायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. 8 ते 10 अंश बरं. डिसेंबरात नागपूरची गच्ची रात्री तशीही 12-14 अंशांवर येते, त्यामुळे ग्लासात गरम होण्याची भीती नाही. ग्लास छोटा, खाली फुगीर आणि वर निमुळता असला तर उत्तम. तसे नसले तर काचेचे छोटे पेले चालतील. स्टीलचे नकोत, रंग बघायचा असतो. एकाला 50-60 मिली पुरे. 375 मधून सहा-सात जणांचं होतं, म्हणजे दोन बाटल्यांत तुमचं भागलं.

पिताना आधी वास घ्या. चांगल्या बाटलीत पिकलेला आंबा, मध, जर्दाळू, मोसंबीच्या सालीचा मुरांबा असं काहीतरी येतं. मग छोटा घोट घेऊन क्षणभर तोंडात धरा. गोडी जिभेवर लगेच कळते. गिळल्यावर गालांच्या मागे, जबड्याच्या सांध्यापाशी पाणी सुटतं का बघा. सुटलं तर वाईन जिवंत आहे. नुसतं चिकट वाटलं आणि पाणी सुटलं नाही, तर तिच्यात आंबटपणा कमी पडला आहे.

आणि हे नागपूरकरांसाठी खास. मे महिन्यात 45-46 अंशांत बिनएसीच्या दुकानाच्या काचेच्या कपाटात उभी असलेली वाईन घेऊ नका, मग ती कोणतीही असो. मी इथे एका दुकानातून आणलेल्या बाटलीला उकळलेल्या मनुकांचा वास येत होता आणि रंग चहासारखा झाला होता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, जुनी आहे म्हणून भारी आहे." त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुमची बाटली मित्राने आणली आहे. ती उजेडापासून लांब, गार जागी पडून असेल तर काळजी नाही.

गोकुळपेठकर

ताईंनी छान लिहिलंय, पण एक शंका. गोड वाईन म्हणजे शेवटी वरून साखर टाकलेलीच ना? आमच्या कॉलेजच्या काळात मिळणारी ती "पोर्ट" तशीच होती, दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसायचो. आणि फ्रान्समध्ये म्हणे बुरशी लागलेल्या द्राक्षांची करतात आणि ती सगळ्यात महाग. मग आपल्याकडे बुरशीवर एवढी फवारणी कशाला?

निफाडची लेक

कॉलेजातल्या डोकेदुखीचा हिशेब मागू नका, त्यात वाईन किती आणि जागरण किती कोण सांगणार. ती "पोर्ट" आणि ही, दोन वेगळ्या गोष्टी. लेट हार्वेस्टमधली साखर द्राक्षातली, यीस्टने न खाल्लेली. वरून टाकलेली नाही.

बुरशीचं तुम्ही बरोबर ऐकलंय. बोर्दोच्या दक्षिणेला सोतर्न भागात सिरों नावाची छोटी गार नदी गारोन नदीला मिळते. शरद ऋतूत पहाटे तिथे धुकं दाटतं आणि दुपारी ऊन पडतं. त्या धुक्यात बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी सेमियों आणि सोव्हिन्यों ब्लांच्या मण्यांवर बसते, सालीला बारीक छिद्रं पाडते, आणि दुपारच्या उन्हात त्यातून पाणी उडतं. मधासारखा, थोडा केशरासारखा जो वास येतो तो तिचाच. मजूर एकाच बागेत पुन्हा पुन्हा फिरून तेवढेच मणी वेचतात. सोतर्नमधल्या शातो दिकेम या वायनरीला बोर्दोच्या वाईनच्या 1855 च्या प्रतवारीत सगळ्यांच्या वरचा वेगळा दर्जा दिला तो याच वाईनसाठी. हंगेरीची तोकाई असू ही गोड वाईनही याच बुरशीवर.

पण हीच बुरशी ओल टिकून राहिली की घडकुज होते. दुपारचं कोरडं ऊन मिळालं नाही की घडच्या घड राखाडी होऊन सडतो. आपल्याकडे ती येते अवकाळीच्या ओल्या दिवसांत, नको त्या वेळी. आणि आमच्या लेट हार्वेस्टच्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चला, हवा इतकी कोरडी असते की बुरशीला धरायला ओल नसते. म्हणून नाशिकची लेट हार्वेस्ट बहुतेक उन्हाने सुकलेली. तिच्यात सोतर्नचं केशर शोधू नका, मिळणार नाही. आंबा मिळेल, आणि मला तरी त्याचं दुःख नाही. दोघींच्या किमतीतला फरक बघितला तर तुम्हालाही होणार नाही.

जर्मनीत आणखी तिसराच प्रकार. उणे 7 अंशांना गोठलेली द्राक्षं तोडून तशीच दाबतात, पाण्याचा बर्फ मागे राहतो आणि पाकासारखा रस येतो. आमच्या निफाडला थंडीत पारा कधीकधी 2-3 अंशांवर येतो, पण तेव्हा वाईन कोणाला सुचते? बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढायची असते, मणी तडकू नयेत म्हणून.

त्रिमूर्तीनगरवाले, शुगरवाल्या काकांचं राहिलंच. 60 मिलीत साधारण पाच-सहा ग्रॅम साखर, म्हणजे सव्वा चमचा. पुरणपोळीच्या मानाने काहीच नाही. पण दारू आणि शुगरच्या गोळ्या यांचा वेगळा मामला असतो, कधीकधी साखर खाली जाते. ते त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असणार. सगळ्यांसमोर विचारू नका, आधी फोन करून विचारा.

बर्डीचा भाऊ

ताई, आता मस्करी नाही. आमचं वावर सेलूकडे आहे, जानेवारीत हुरडा असते. शेतावर शेकोटीत भाजलेला कोवळा हुरडा, तिखट शेंगदाण्याची चटणी, दही. तिथं ही बाटली चालते का?

निफाडची लेक

चवीला झकास चालेल. हुरड्याची गोडी मवाळ, त्यात धूर, आणि चटणीत मीठ-तिखट. तुमच्याकडून हे येईल असं वाटलं नव्हतं. पण सेलू म्हणजे वर्धा जिल्हा, तिथे दारूबंदी आहे. बाटली गाडीत घेऊन जिल्ह्याची हद्द ओलांडू नका. हुरडाच इकडे घेऊन या, शेतातून निघाल्या निघाल्या. गार झालेला हुरडा मी खात नाही.

बर्डीचा भाऊ

हे बरं सांगितलं जी. नाहीतर हुरडा चौकीवरच भाजावा लागला असता.

त्रिमूर्तीनगरवाला

झाली बैठक. काल रात्रीचं सांगतो, आत्ता खाली होमाचा धूर आहे आणि मी वर येऊन लिहितोय.

ताईंचं ऐकून वाईन सगळ्यात आधी काढली. बाबांनी पेला हातात घेऊन "हे काय, खोकल्याचं औषध?" असं विचारलं. मामींनी कढईतून काढलेल्या सांबारवड्या थेट गच्चीवर पाठवल्या. वडीचा घास आणि मग घोट, असं मी सगळ्यांना करायला लावलं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांना कशालाच चांगलं म्हणायची सवय नाही. ते म्हणाले, "वडीत खसखस आहे ते आज कळलं." संत्र्याच्या मीठ लावलेल्या फोडींवर बायका तुटून पडल्या. आईनेसुद्धा फोडी खाल्ल्या, वाईनचा फक्त वास घेतला आणि आंब्याचा रस थोडा आंबायला लागला की असा वास येतो म्हणाली. तो वास माझ्या नाकाला तोवर ओळखता आला नव्हता.

प्रयोग म्हणून मी एक घोट बर्फीनंतर घेतला. लिंबूपाण्यात कोणी साखर टाकायची विसरलं असं वाटलं. शुगरवाल्या काकांनी फोनवरच नाही म्हटलं होतं, पण सांबारवड्यांवर त्यांनी कसर भरून काढली. बाबांचं मत विचाराल तर, एक पेला संपवला, दुसरा मागितला नाही, आणि मग व्हिस्की. मात्र मित्राचा नंबर माझ्याकडून घेतला, नाशिकला कधी जाणार म्हणून विचारायला.

आता एकच प्रश्न. दुसऱ्या बाटलीत थोडी उरली आहे. फ्रिजमधून काढली तर तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे बारीक कण चमकताना दिसले. बाटली आतून फुटली की काय? फेकून द्यायची का?

निफाडची लेक

फेकू नका. ते टार्टारचे खडे आहेत, द्राक्षातल्याच आम्लाचे. टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम यांचं मीठ थंडीत विरघळलेलं राहत नाही, खाली बसतं. सेलरमध्ये टाकीच्या भिंतीवर त्याचा थर जमतो, आम्ही खरवडून काढायचो. केकवाले वापरतात ती क्रीम ऑफ टार्टर यापासूनच शुद्ध करून काढतात. एक कण दाताखाली धरून बघा, काच असेल तर विरघळणार नाही... नको, तसलं काही करू नका, चमच्यात काढून गरम पाणी घाला. विरघळला तर टार्टार.

बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये उभी ठेवा, आठवडाभर तरी चांगली राहील. ओतताना हलवू नका, शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्या. आणि मामींना विचारा, सांबारवडीच्या सारणात आंबट कशाचं घालतात. माझ्या सासूबाई लिंबू पिळतात, आमच्या शेजारच्या काकू आमचूर, आणि दोघींचं यावरून वर्षानुवर्षं बोलणं आहे.